मोबाईलचा बाजार आणि मराठीची लिपी : वऱ्हाडातून एक नोंद

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात लिपीचा आणि मुद्रणाचा विचार आपण करतो, परंतु तो बहुधा एकोणिसाव्या शतकापाशी येऊन थांबतो. श्रीरामपूरचा विल्यम कॅरे, मुंबईचा निर्णयसागर छापखाना, फार तर 'केसरी'साठी टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा केलेला प्रयोग आणि सावरकरांची 'अ'ची बाराखडी, एवढ्यावर लिपीचे प्रकरण संपते आणि आपण साहित्यकृतींकडे वळतो. सामान्य मराठी माणूस आपले रोजचे लिहिणे आज ज्या साधनावर करतो, तो मोबाईल मात्र या प्रकरणात कुठेच नसतो. त्याच्या बातम्या वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर येतात : अमुक कंपनीचा बाजारातील वाटा वाढला, तमुक कंपनी दुसऱ्या क्रमांकावर गेली. साहित्याचा विद्यार्थी ते पान उलटून पुढे जातो. आमचे म्हणणे असे, की ते पान उलटू नये. बाजारातील वाट्याचे हे आकडे मराठी लिपीच्या अलीकडच्या इतिहासाची साधने आहेत, आणि ती साधने म्हणूनच वाचली पाहिजेत.

ही नोंद आम्ही वऱ्हाडातून लिहीत आहोत आणि नजरेसमोर वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनज हे गाव ठेवले आहे. तेथे मोबाईलचा कारखाना नाही, कंपनीचे कार्यालय नाही. पण धनजसारख्या गावातला ग्राहक कंपन्यांच्या हिशेबात ज्या दिवशी आला, त्याच सुमारास फोनवर मराठी आली. हा योगायोग नव्हे, हेच पुढील विवेचनाचे सूत्र आहे. शिवाय वऱ्हाडाला लिपीचा प्रश्न नवा नाही. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे स्थान. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती कुलपे उघडीपर्यंत मराठी गद्याचे हे प्राचीन धन पंथाबाहेरच्या वाचकाला अप्राप्य राहिले. लिपी हाती नसेल तर भाषा असून नसल्यासारखी होते, हा धडा या भूमीने पूर्वीच घेतला आहे. महानुभावांच्या लिपीमागे पंथाची निष्ठा होती. आताच्या लिपीमागे विक्रीचा हिशेब आहे, इतकाच फरक.

हिशेबाचे हे कलम अगदी आजचेही नाही. कॅरेचे मराठी व्याकरण १८०५ साली देवनागरीत छापले गेले, कारण मोडीचे खिळे तेव्हा हाती नव्हते. १८१० च्या कोशासाठी ते तयार झाले. पुढे मात्र छपाईच्या सोयीने देवनागरीचा पक्ष घेतला आणि व्यवहारातली मोडी हळूहळू दप्तरखान्यात गेली. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर काढले आणि राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांनी नागरी टंकाला जे रूप दिले, ते पुढील कित्येक पिढ्यांचे 'सुंदर अक्षर' ठरले. हीही उद्योगाचीच कहाणी होती. पण तेथे अक्षर कोरणारा, छापणारा आणि वाचणारा हे बव्हंशी एकाच भाषिक परिसरातले होते. मोबाईलच्या बाबतीत हा परिसर तुटला.

भारतातील पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी संवाद साधला. त्यानंतरची सात-आठ वर्षे मोबाईल ही महानगरांतील धनिकांची वस्तू होती. आलेला फोन उचलण्याचेही पैसे पडत. या ग्राहकाला इंग्रजी येत होती, म्हणून फोनला मराठी येण्याची गरज कोणाला वाटली नाही. मे २००३ पासून येणाऱ्या फोनचा आकार बंद झाला आणि चित्र पालटले. मिस्ड कॉल देणारा, दहा-वीस रुपयांचा रिचार्ज मारणारा नवा ग्राहक जन्माला आला.

याच वर्षी नोकियाचा ११०० हा फोन बाजारात आला. टॉर्च, धूळ आत न जाणारा कीपॅड, हातातून न निसटणारी पाठ. भारनियमनाच्या काळात खेड्यातल्या माणसाला काय हवे असते याचा विचार या यंत्रात दिसतो. जगभरात त्याचे पंचवीस कोटींहून अधिक नग विकले गेले. त्या दशकाच्या उत्तरार्धात भारतातल्या हँडसेट-विक्रीत एकट्या नोकियाचा वाटा निम्म्याहून अधिक होता, आणि २००६ पासून तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथे तिचा कारखानाही सुरू झाला होता. म्हणजे देशात विकल्या जाणाऱ्या दर दोन फोनांपैकी एकावर माणसाने कसे लिहावे, हे फिनलंडमधली एक कंपनी ठरवीत होती. त्या कंपनीने शेतकऱ्याच्या हाताचा, अंधाराचा आणि धुळीचा विचार केला. त्याच्या लिपीला मात्र त्या विचारात शेवटचे स्थान मिळाले.

येथे थोडा तांत्रिक तपशील देणे आवश्यक आहे. एसएमएसचा एक संदेश १४० बाइटांचा. इंग्रजी अक्षरे सात बिटांत मावतात, म्हणून एका संदेशात १६० अक्षरे बसतात. देवनागरीसाठी प्रत्येक चिन्हास सोळा बिट खर्ची पडत, म्हणून मर्यादा ७० वर येई. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांची प्रत्येकी स्वतंत्र मोजणी. 'विद्यार्थ्यांना' हा एक शब्द वाचकाने चिन्हे सुटी करून मोजावा : व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, हलन्त, य, काना, अनुस्वार, न, काना. पंधरा चिन्हे झाली. सत्तरांच्या मर्यादेत असे चार शब्द आणि मधल्या मोकळ्या जागा बसल्या की संदेश संपत येई, पुढचे शब्द दुसऱ्या संदेशात जात आणि पैसे दुप्पट पडत. पुढे भारतीय भाषांसाठी आंतरराष्ट्रीय मानकात विशेष वर्णतक्ते आले. त्यांत बंगाली, गुजराती, हिंदी, कन्नड, मल्याळम, उडिया, पंजाबी, तमिळ, तेलुगू आणि उर्दू यांची नावे आहेत. मराठीचे नाव नाही. हिंदीच्या तक्त्यात मराठीचे भागेल, असा त्यामागचा अध्याहृत समज दिसतो.

फोनच्या बारा कळांवर पन्नासेक चिन्हे बसवायची म्हणजे एका कळीवर चार-पाच वर्ण येणार. एका जोडाक्षरासाठी दहा-बारा वेळा अंगठा दाबावा लागे. अशा स्थितीत मराठी तरुणांनी रोमन लिपी स्वीकारली, यात त्यांच्या भाषाप्रेमाचा प्रश्न नव्हता. त्यांनी खिशाचा आणि अंगठ्याचा विचार केला. पण परिणाम व्हायचा तो झालाच. कला, काळा, काला आणि कळा ही चार वेगळी रूपे रोमनच्या एकाच अक्षरजोडणीत विरून गेली. ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त यांतला भेद लिहिणाऱ्याच्या मनात राहिला, लेखनातून गेला. सुमारे २००३ ते २०१३ या दहा वर्षांतली प्रेमपत्रे, भांडणे, निरोप आणि सांत्वने मोठ्या संख्येने अशा लिपीत लिहिली गेली जी मराठीची नव्हती, आणि ती ज्या यंत्रांत होती ती यंत्रे भंगारात गेली. त्या दशकाच्या खासगी गद्याचा इतिहास कोणी लिहू म्हणेल, तर त्याच्या हाती फारसे काही लागणार नाही.

वास्तविक देवनागरीची तांत्रिक तयारी बरीच आधीची होती. भारतीय लिप्यांचे संगणकीय संकेतन, इनस्क्रिप्ट कळफलक ही कामे १९८० च्या दशकात झाली. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि भारतीय भाषांचे संगणन हे तिचे महत्त्वाचे अंग ठरले. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तेव्हाही तिच्यात देवनागरी होती. परंतु ती देवनागरी मराठीची गरज पुरती ओळखत नव्हती. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यांना' दिलेली दक्षिणा वेगळी, 'आचाऱ्यांना' दिलेली मजुरी वेगळी. हा भेद दाखवणारा अर्धा र मराठीत पावलोपावली येतो. युनिकोडमध्ये तो ज्या 'ऱ'च्या आधाराने लिहायचा, तो वर्ण मुळात द्राविडी भाषांतील ध्वनीच्या लिप्यंतरासाठी म्हणून नोंदलेला होता. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. मराठी वळणाचे ल आणि श कसे काढावेत हे महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने स्पष्ट केले. युनिकोडमध्ये मात्र हिंदी वळणाचा ल आणि मराठी वळणाचा ल यांचा संकेत एकच आहे. कोणते रूप पडद्यावर उमटेल हे फाँट आणि फोन बनवणारा ठरवतो. शासननिर्णय मंत्रालयात निघतो, अक्षराचे वळण दूरच्या कचेरीत ठरते.

२०१२ च्या पहिल्या तिमाहीत सॅमसंगने नोकियाचे चौदा वर्षांचे जागतिक अग्रस्थान हिरावून घेतले. एप्रिल २०१४ मध्ये नोकियाचा हँडसेट-व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात श्रीपेरुंबुदूरचा कारखाना बंद पडला. कीपॅडच्या जागी काच आली, म्हणजे कळांची संख्या बारा असण्याचे बंधन गेले. मराठीसाठी ही मोठीच मुक्ती होती. पण अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत बहुतेक फोनांवर देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन उमटत. ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या अंतर्गत सेटिंगांत शिरून एक पर्याय बदलला, की मजकूर अक्षरांऐवजी चित्ररूपाने येई आणि वाचता येई. त्या काळात मराठी अनुदिन्या फोनवर वाचणाऱ्या अनेकांना ही युक्ती ठाऊक होती. वाचक तयार होता, मजकूर तयार होता, संकेतनही तयार होते. खोळंबा होता तो यंत्र विकणाऱ्याच्या निर्णयाचा.

तो निर्णय २०१४ मध्ये झाला. त्या वर्षी अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत ज्या पंधरा भाषांची भर पडली त्यांत मराठी होती. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम आणि बंगालीही होत्या. याच यादीत आइसलँडिक भाषा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषकांची संख्या ८ कोटी ३० लाख, तर आइसलँडची लोकसंख्या तेव्हा साडेतीन लाखांच्याही आत होती. या दोन भाषा एकाच दिवशी एकाच दारातून आत आल्या. बोलणाऱ्यांची संख्या हे परिमाण असते तर असे घडले नसते. बाजारात माणसांची गणना होत नाही, खरेदीदारांची होते. एवढे ध्यानात घेतले की 'आपण इतके कोटी आहोत' या आपल्या आवडत्या युक्तिवादाची मर्यादा कळते.

त्याच वर्षी मायक्रोमॅक्स या भारतीय कंपनीने एकवीस भारतीय भाषा वापरता येतील असा युनाइट २ हा फोन आणला. ही कंपनी महानगरांपेक्षा लहान गावांच्या गिऱ्हाइकावर उभी राहिली होती. महिनाभर टिकणारी बॅटरी हे तिच्या पहिल्या फोनचे आकर्षण होते. २०१४ च्या अखेरच्या तिमाहीत भारतातील स्मार्टफोन-विक्रीत मायक्रोमॅक्सचा वाटा २२ टक्के आणि सॅमसंगचा २० टक्के, असे कॅनालिस या संस्थेने जाहीर केले. आयडीसी या दुसऱ्या संस्थेच्या मते सॅमसंग २२ टक्क्यांसह पुढे आणि मायक्रोमॅक्स १८ टक्क्यांवर होती. तिमाही तीच, देश तोच, विजेते मात्र दोन.

साहित्याच्या अभ्यासकाला पाठभेदाचे नवल वाटू नये. हे आकडेही एक प्रकारचे पाठच आहेत, आणि त्यांची संहिता कशी सिद्ध होते हे पाहिले पाहिजे. अशा संस्था बहुधा कंपनीकडून दुकानांकडे रवाना झालेला माल मोजतात. तो कोणाच्या हाती गेला, किती वर्षे वापरला गेला, हे त्यात येत नाही. थोरल्या भावाने नवा फोन घेतल्यावर जुना बहिणीकडे जातो, तिच्याकडून आईकडे. कोणी वापरलेला फोन अर्ध्या किमतीत घेतो. धनजसारख्या गावातला बराचसा मोबाईल-व्यवहार असा असतो, आणि तो कोणाच्याच टक्केवारीत नसतो. आईच्या हातात येणारा फोन मुलाने निवडलेल्या भाषेतच येतो, आणि पुष्कळदा ती भाषा इंग्रजी असते. ज्याची मोजदाद नाही त्याची मागणीही नाही, असा हा न्याय आहे.

सर्व काही बाजारानेच केले असे मात्र नव्हे. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्वरचक्र' हा कळफलक तयार करून विनामूल्य उपलब्ध केला. व्यंजनावर बोट ठेवले की त्याभोवती त्याची बाराखडी चक्राकार उलगडते आणि बोट सरकवून हवे ते अक्षर निवडता येते. कळांची मांडणी वर्णमालेच्या क्रमाने. म्हणजे पहिलीत पाटीवर शिकलेली बाराखडी हीच त्याची पूर्वतयारी. इंग्रजी कळफलकावर मराठी चढवण्याऐवजी मराठी लिपीच्या घडणीतून कळफलक काढायचा, हा विचार आम्हांस आरूंच्या अक्षरकोरणीइतकाच मोलाचा वाटतो. अभ्यासक्रमात त्याचे नाव नसावे हे खेदजनक आहे.

शासनानेही उशिरा का होईना हस्तक्षेप केला. ऑक्टोबर २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलवर इंग्रजी, हिंदी आणि आणखी एका भारतीय भाषेत लिहिण्याची, तसेच सर्व अधिकृत भारतीय भाषा वाचण्याची सोय बंधनकारक केली. १ जुलै २०१७ ही तिची मूळ तारीख, पुढे मुदत वाढवून देण्यात आली. नेमक्या याच वेळी बाजारही उलथापालथ होत होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली. जुलै २०१७ मध्ये पंधराशे रुपयांच्या अनामतीवर जिओफोन जाहीर झाला. त्याच वर्षाच्या अखेरच्या तिमाहीत शाओमीने भारताच्या स्मार्टफोन-बाजारात सॅमसंगला मागे टाकले आणि मायक्रोमॅक्सचे दिवस सरले. पुढे क्रम पुन्हा बदलत राहिला. २०२४ या वर्षी आयडीसीच्या गणनेत विवो पहिली होती.

मालक आपला असता तर मराठीचे प्रश्न सुटले असते, असे काहींना वाटते. त्यांनी व्हिडिओकॉनचा विचार करावा. मराठवाड्यात, औरंगाबाद म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, वाढलेला हा उद्योगसमूह २००९ मध्ये मोबाईल-विक्रीत उतरला आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेला. कारखाना मराठी मुलखात होता, परंतु माल देशभर खपवायचा होता. कंपनीची भाषा तिच्या मालकाच्या गावावरून ठरत नाही, ती तिच्या गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून ठरते. आग्रह धरणारे गिऱ्हाईक नसेल, तर घरची कंपनीही परक्यासारखीच वागते.

आता या इतिहासाचे नवे पर्व सुरू आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने बोलून टंकलेखन करण्याच्या सोयीत मराठीचा समावेश केला. डिसेंबर २०१७ मध्ये जिओफोनवर आलेला तिचा आवाजी साहाय्यक हिंदी आणि इंग्रजीपुरता होता. मराठी त्या साहाय्यकाला २०१८ मध्ये आली. लिहिण्याचा अडसर असा बोलण्याने दूर होत आहे, आणि अक्षरओळख बेताची असलेल्या माणसाला हे वरदानच आहे. परंतु येथे वऱ्हाडी माणसापुढे वेगळाच पेच उभा राहतो. आमच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो : डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. यंत्राला 'काया' म्हणजे देह एवढेच ठाऊक असेल, तर बैलाचा रंग सांगणाऱ्या शेतकऱ्याचे म्हणणे ते कसे लिहील? आमच्या वर्गातली मुले फोनशी बोलताना 'पुस्तकातलं' बोलतात आणि फोन ठेवला की वऱ्हाडीत येतात, हे आम्ही पाहतो. शाळेने जे काम अर्धवट केले ते फोन पुरे करील की काय, अशी भीती वाटते. छापखान्याने मोडी संपवली तेव्हा कोणी तिच्याविरुद्ध कट केला नव्हता. ती फक्त गैरसोयीची ठरली होती. बोलीही अशाच गैरसोयीच्या ठरू शकतात. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ साली, म्हणजे ती व्यवहारातून गेल्यानंतर कित्येक दशकांनी. असे मरणोत्तर सन्मान वऱ्हाडीला नकोत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठही आले. या दोन्ही गोष्टींचा आनंद आहेच. पण अभिजाततेचा पुरावा आपण भूतकाळातून देतो, आणि भाषेचे भवितव्य मात्र आज कोणत्या काचेवर कोणती अक्षरे उमटतात यावर ठरते. म्हणून मराठी विभागांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, लिपी आणि मुद्रण यांच्या अभ्यासपत्रिकेत कॅरे आणि निर्णयसागर यांच्या पुढे युनिकोड, कळफलक आणि मोबाईल यांचे प्रकरण जोडावे, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला अर्धा र, ॲ आणि ळ फोनवर न चुकता लिहिता आले पाहिजेत. दुसरी, आपल्या परिसरातील बोलीचे शब्द, त्यांचे उच्चार आणि त्यांची वाक्ये, बोलणाऱ्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून सर्वांसाठी खुली करावीत. यंत्र जे ऐकते तेच शिकते. धनजचे बोलणे कोणी त्याच्या कानावर घातलेच नाही, तर त्याने ते ओळखावे अशी अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकार राहणार नाही.

कंपन्यांचे क्रमांक दर तिमाहीस बदलतील. नोकिया गेली, मायक्रोमॅक्स मागे पडली, आज वर असलेली उद्या खाली येईल. या प्रत्येक फेरपालटात मराठीच्या वाट्याला काय आले आणि काय गेले, याची वही मात्र बाजार ठेवणार नाही. ती आपणच ठेवायची आहे.